इंधनमापक घेऊन चार दिवस

"तुमचं यंत्र चांगलंच असणार मॅडम, पण आमच्या तराजूशी जुळलं पाहिजे."

प्रयोगशाळेचे प्रमुख फोनवर असं म्हणाले आणि मी "जुळेलच की सर" म्हणून मोकळी झाले. दौऱ्याला निघायच्या सहा आठवडे आधीची ही गोष्ट.

आमचं यंत्र म्हणजे इंजिनाला जाणारं डिझेल मोजणारा कोरिऑलिस मापक. समोरची मंडळी इंजिनं बनवणारी. त्यांच्या टेस्ट सेलमध्ये, म्हणजे इंजिन चालवून तपासायच्या बंद खोलीत, इंधन मोजायला वजनाचा तराजू आहे. एक भांडं दांडीला टांगलेलं, त्यातून इंजिन डिझेल ओढतं, आणि ठरावीक वेळात वजन किती घटलं त्यावरून ताशी खप काढतात. पद्धत जुनी आणि भरवशाची. अडचण एकच, ती सरासरी सांगते. इंजिनाचा वेग आणि लोड क्षणाक्षणाला बदलत असेल तर त्या क्षणी किती इंधन गेलं हे कळत नाही, आणि मधूनच भांडं भरायला थांबावं लागतं. आमचा मापक अखंड मोजतो. तो विकत घेण्याआधी त्यांना स्वतःच्या सेलमध्ये, स्वतःच्या इंजिनावर चालवून बघायचा होता.

निघण्याआधी

गाडी, राहणं, सुट्ट्या वगैरे जमून गेलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. वेळ गेला तो दोन पानांच्या कागदावर. चाचणीत काय जुळलं म्हणजे 'जुळलं' म्हणायचं, ते त्यावर लिहिलं होतं. आयडलपासून (इंजिन नुसतं चालू, भार नाही) फुल लोडपर्यंत सात बिंदू, प्रत्येक बिंदू पाच वेळा. ताशी ३ किलोच्या वर सरासरी फरक ०.२५ टक्क्यांच्या आत, त्याखाली ०.५ टक्क्यांच्या आत. डेटा कोणाच्या संगणकात राहील, सही कोण करेल, सगळं त्यात होतं.

तुम्ही कधी असं यंत्र ट्रायलला नेणार असाल तर हा कागद आधी करा, यंत्र नंतर बांधा. आकडे समोर आल्यावर निकष ठरवायला बसलात की दोन्ही बाजू आपापल्या सोयीचा निकष घेऊन बसतात. आणखी एक गोष्ट ट्रायल घेणारे विसरतात, ती म्हणजे मोजायला लागणारा वेळ. आयडलला हे इंजिन ताशी जेमतेम सव्वा किलो डिझेल पितं, म्हणजे मिनिटाला वीसेक ग्रॅम. तराजू ०.१ ग्रॅम ओळखत असेल तर एका मिनिटाच्या मोजणीत तिथेच अर्धा टक्का गेला. पाच मिनिटं मोजलं तर शंभर ग्रॅम होतात आणि मग बोलण्यात अर्थ राहतो.

कागद त्यांच्याकडून परत आला तेव्हा खाली पेनने एक ओळ वाढवलेली होती: 'वाद झाल्यास तराजू प्रमाण.' वाजवी वाटली. सही करून टाकली.

पहिला दिवस: लाल स्टिकर

यंत्राची पेटी मालवाहतुकीने पुढे गेली होती. मी आणि माझा ज्युनिअर रात्रीच्या प्रवासाने सकाळी पोहोचलो. स्टोअरमध्ये पेटी बघितली आणि पोटात गोळा आला. धक्का बसला की लाल होतं ते स्टिकर लालभडक झालं होतं.

अशा वेळी पेटी लगेच उघडू नये. आधी चारही बाजूंचे फोटो काढावेत, स्टोअरवाल्यांकडून 'स्टिकर लाल स्थितीत मिळालं' असं लिहून घ्यावं, मग उघडावी. ज्युनिअरला हे सांगेपर्यंत त्याने एक खिळा काढलासुद्धा होता.

तिथून गेटवर. आत नेणाऱ्या प्रत्येक वस्तूचा अनुक्रमांक रजिस्टरमध्ये चढवायचा: मापक, ट्रान्समीटर, केबली, होज (लवचिक नळ्या), पाने. चौदा नोंदी झाल्या. मग सुरक्षेची चित्रफीत आणि तिच्यावरची परीक्षा. टेस्ट सेलमध्ये आग लागली तर कार्बन डायऑक्साइड सोडतात, तेव्हा आत माणूस राहिला तर तोही गुदमरतो. म्हणून आत जाताना ती यंत्रणा कुलूपबंद करायची, बाहेर पडताना उघडायची, आणि किल्ली आत जाणाऱ्याच्याच खिशात. हा एवढा भाग तरी जागं राहून बघा.

सेलमध्ये भेटले ते काका. वय साठीच्या उंबरठ्यावर, कानावर इअरमफ टोपीसारखे चढवलेले. सेल चालवणारे तेच. प्रमुख सर तपशील सांगत होते तेव्हा काका काही न बोलता आमच्या फिटिंगांचे आटे नखाने तपासत होते. सर गेल्यावर पहिलं वाक्य बोलले, "मॅडम, हे भिंतीवर लावा. बेडवर नको."

बरोबर होतं. कोरिऑलिस मापकात एक बारीक नळी सतत कंप पावत असते, आणि इंजिनाचा हादरा त्या कंपाच्या जवळपासचा असेल तर मापक गोंधळतो. सहा सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला तीन स्फोट होतात. २००० आरपीएमला ते सेकंदाला १०० भरतात. आमच्या नळीचा कंप सेकंदाला १८० च्या आसपासचा, म्हणजे थेट टक्कर नव्हती, तरी ज्या लोखंडी बेडवर इंजिन बसतं त्यावर मापक बसवणं म्हणजे ढोलावर पेला ठेवणं. जिथे बसवायचं तिथले हादरे आणि आपल्या नळीचा कंप, हे दोन्ही आकडे निघण्याआधी मागवून घ्या. आम्ही मागवले होते, पण काकांनी ते नुसतं बघून ओळखलं.

त्यांना एकच शंका होती. "यात फिरत तर काहीच नाही. मग मोजतं कसं?"

मी उरलेल्या पारदर्शक नळीचा यू करून त्यांच्या हातात दिला. दोन्ही टोकं धरून वरखाली हलवा म्हटलं. रिकामी नळी सरळ वरखाली होते. आतून प्रवाह वाहत असेल तर जाणारी बाजू किंचित मागे रेंगाळते, येणारी बाजू पुढे सरते, आणि यू पिळवटतो. जेवढं वस्तुमान जास्त जातं तेवढा पीळ जास्त. तो पीळ दोन बाजूंच्या कंपातल्या वेळेच्या फरकावरून मोजायचा, आणि हा फरक मायक्रोसेकंदांच्या हिशेबातला. फिरत्या यंत्रांतल्या या बळाचं गणित गास्पार-गुस्ताव्ह कोरिऑलिस यांनी १८३५ मध्ये मांडलं, त्यावरून हे नाव.

काकांनी यू दोनतीनदा हलवला. "म्हणजे वजन न करता वजन."

याहून सोपं मला अजून सांगता आलेलं नाही.

संध्याकाळपर्यंत तराजू, मग आमचा मापक, मग इंजिनाकडचं सर्किट असं एका ओळीत जोडून झालं. गरम होऊन परत येणारं डिझेल मापकाच्या पुढच्या बाजूलाच मिसळत होतं, त्यामुळे तराजू आणि मापक दोघांतूनही फक्त इंजिनाने खरोखर पिलेलं इंधन जाणार. मापकाच्या मागच्या बाजूचा इनलेट व्हॉल्व्ह बसवायचा राहिला. त्याची फिटिंग कमी पडली होती. 'उद्या बघू' म्हटलं. लाल स्टिकरची धास्ती मात्र मिटली. नळीत डिझेल भरून मापकाने सांगितलेली घनता कारखान्यातल्या नोंदीशी पडताळली, ती जुळली. नळी वाकली असती तर तिने तिथेच चुगली केली असती. नळीतली हवा काढता काढता रात्र झाली. बुडबुडा असेल तर नळी हलत ठेवायला जास्त जोर लागतो आणि तो जोर पडद्यावर दिसतो. तो आकडा खाली येऊन स्थिर होईपर्यंत आम्ही दोघं त्याच्याकडे टक लावून बसलो होतो.

दुसरा दिवस: पाऊस

सकाळपासून पाऊस लागला. सरांनी आल्या आल्या विचारलं, दमट हवेने आकडे हलणार नाहीत ना? इंजिनाची ताकद हलते. म्हणूनच आयएसओ ३०४६ या इंजिनांच्या आंतरराष्ट्रीय मानकात २५ अंश तापमान, १०० किलोपास्कल दाब आणि ३० टक्के आर्द्रता अशी संदर्भाची हवा ठरवून दिली आहे आणि तिच्यापासून दूर असाल तर हिशेबात दुरुस्ती करावी लागते. पण आमची तुलना दोन मापकांची. तेच डिझेल दोघांतून जाणार. पाऊस पडो नाहीतर ऊन.

इंजिन गरम व्हायला वेळ होता. डेव्हलपमेंटचे इंजिनिअर कंट्रोल रूममध्ये आले. पस्तिशीचा, बोलका माणूस. पंधरा दिवसांपासून इंजेक्शनच्या नव्या सेटिंगवर काम करत होते आणि फार खुशीत होते. फुल लोडला, १५० किलोवॉटवर, इंधनाचा खप किलोवॉट-तासाला दोनशे साडेसहावरून दोनशे पाच ग्रॅमवर आणला होता. बाहेरच्याला दीड ग्रॅम म्हणजे काहीच नाही. या धंद्यात दीड ग्रॅमसाठी माणसं वर्ष घालवतात. त्यांनी वरच्यांना सादरीकरणही करून टाकलं होतं.

त्यांनीच रुडॉल्फ डिझेलची गोष्ट काढली. १७ फेब्रुवारी १८९७ ला ऑग्सबुर्गमध्ये डिझेलच्या इंजिनाची अधिकृत चाचणी झाली. मोजमापाला म्युनिकहून प्राध्यापक मोरित्झ श्र्योटर आले होते. आजच्या एककांत खप निघाला किलोवॉट-तासाला ३२४ ग्रॅम, कार्यक्षमता २६.२ टक्के. त्या काळात हा आकडा जबर होता. "इंजिन डिझेलचं," ते म्हणाले, "पण आकडा बाहेरच्या माणसाने मोजला म्हणून लोकांनी मानला."

इंजिन थांबवून मापकाचा शून्य घेतला. पुढचा व्हॉल्व्ह बंद, नळी भरलेली, प्रवाह नाही, आणि यंत्राला सांगायचं की याला शून्य म्हण. पाच मिनिटांचं काम. मग काकांनी इंजिन मध्यम लोडवर नेलं, ताशी साधारण पाच किलो. तराजू ४.९७, आमचा ४.९७. पुन्हा. ४.९८, ४.९८.

सर उठून उभे राहिले. ज्युनिअरने टेबलाखाली मूठ आवळली. डेव्हलपमेंटवाल्यांनी "वा" म्हटलं. सर म्हणाले, "हे तर संपलंच की. बाकीचे बिंदू उरका." आणि मीटिंगला गेले.

काका काही बोलले नाहीत. त्यांनी लोड वाढवला. एक्झॉस्टचा पाइप जाड काचेपलीकडे आधी काळपट, मग तांबूस, मग लाल दिसू लागला. कंट्रोल रूमच्या फरशीतून पायाला आवाज लागत होता. फुल लोडला तराजू म्हणाला ३०.७५, आमचा ३०.९६. आम्ही ०.७ टक्के जास्त. आयडलला आणलं: तराजू १.१९, आमचा १.१६. आम्ही अडीच टक्के कमी.

वर जास्त, खाली कमी, मधे तंतोतंत. पाचही वेळा तसंच. बेभरवशाचं असतं तर बुडबुड्यांवर ढकलता आलं असतं. हे तर शिस्तीत चुकत होतं.

रात्री खोलीवर बाहेर पाऊस आणि टेबलावर आलेखाचा कागद. ज्युनिअर म्हणाला तापमान असेल. डिझेल अंशाला ०.०८ टक्का फुगतं, दहा अंशांना ०.८ टक्का. आकडा जवळचा होता, म्हणून मोह पडत होता. पण फुगतं ते आकारमान. तराजूही वस्तुमान मोजतो आणि आम्हीही वस्तुमान मोजतो. तापमान दोघांच्याही हिशेबात येत नाही.

मग टक्के सोडून दिले आणि फरक ग्रॅममध्ये मांडला. खाली उणे ३०, पाच किलोला शून्य, वर अधिक २१०. पट्टी ठेवली, सरळ रेषा आली. आणि ती शून्यातून जात नव्हती. शून्य प्रवाहाला ती उणे ४० ग्रॅमवर टेकत होती.

म्हणजे चुका दोन होत्या. शून्याची चूक ताशी ४० ग्रॅम, आपली. ती आयडलला ओरडते आणि फुल लोडला ऐकूसुद्धा येत नाही. दुसरी चूक पटीची, ०.८ टक्के, सगळीकडे सारखी, आणि ती कोणाची ते माहीत नाही. ताशी पाच किलोला ०.८ टक्के म्हणजे नेमके ४० ग्रॅम. एक अधिक, एक उणी. ज्या आकड्यावर आम्ही सकाळी मूठ आवळली होती तिथे दोन चुका एकमेकींना खाऊन बसल्या होत्या.

एका बिंदूवर जुळलं म्हणून ट्रायल घेऊ नका, देऊही नका. आणि फरक टक्क्यांत मांडण्याआधी एकदा ग्रॅममध्ये मांडा.

तिसरा दिवस: पाचशे ग्रॅम

पहिली चूक सकाळी अर्ध्या तासात सापडली. पुढचा व्हॉल्व्ह बंद करून त्याखालची फिटिंग सैल केली आणि खाली वाटी धरली. दोन सेकंदांना एक थेंब. दहा मिनिटांत वाटीत सहा-सात ग्रॅम डिझेल. व्हॉल्व्ह गळत होता. शून्य घेताना नळीतून ताशी चाळीस ग्रॅम वाहत होते आणि मी त्यालाच शून्य म्हण असं यंत्राला सांगितलं होतं. शून्य घेताना दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करायचे, हे मी स्वतः प्रशिक्षणात शिकवते. मागच्या बाजूचा व्हॉल्व्ह 'उद्या' वर टाकलेला होता, तो आज बसवला. काकांनी कपाटातून फिटिंग शोधून दिली, आणि आदल्या रात्री मागितली असती तरी मिळाली असती हे बोलून दाखवलं नाही.

पुन्हा शून्य, पुन्हा सातही बिंदू. आता चित्र साफ झालं. आयडलपासून फुल लोडपर्यंत आम्ही सगळीकडे ०.८ टक्के जास्त.

दुपारी सर आले. आकडे बघून चेहरा उतरला. "काल तर जुळत होतं. तुम्ही दुरुस्त केल्यावर बिघडलं?" कालचं जुळणं हा अपघात होता, हे ग्राहकाला पटवणं म्हणजे काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. त्यांनी फाइलमधून दोन पानांचा कागद काढला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. वाद झाल्यास तराजू प्रमाण. खाली माझी सही. तराजूवर कॅलिब्रेशनचं, म्हणजे प्रमाणित वजनाशी आकडा जुळवून घेतल्याचं स्टिकर, मुदत अजून पाच महिने.

मी म्हटलं, "मान्य आहे सर. तराजू प्रमाण. पण त्या तराजूवर एक वजन ठेवून बघू?"

डेव्हलपमेंटवाले जरा वैतागले. स्टिकर आहे ना, मग? सर गप्प होते. काका उठून गेले आणि कपाटातून लाकडी पेटी घेऊन आले. आत मखमलीत ५०० ग्रॅमचं प्रमाणित वजन. त्यांनी ते उघड्या बोटांनी धरलं नाही. पेटीतलंच सुती फडकं घेतलं, त्यात वजन उचललं, तराजूच्या टांगणीवरच्या खाचेत ठेवलं, आणि हात इतका हळू काढला की भांड्यातलं डिझेलसुद्धा हललं नाही. आकडा शून्यावरून वर चढला, थोडा खालीवर झाला आणि थांबला.

४९६.०.

उचललं, पुन्हा ठेवलं. ४९६.१. तिसऱ्यांदा ४९६.०.

पाचशेत चार. ०.८ टक्के. कंट्रोल रूममध्ये पंख्याचा आवाज ऐकू येत होता.

काका वाकून भांड्याखाली बघत होते. मग सरळ झाले, इअरमफ गळ्यात ओढले आणि म्हणाले, "सर, ही होज मी लावलीय. पंधरा दिवस झाले. जुनी गळत होती."

त्यांनी भांड्याला जोडलेली होज सोडवली. टाकी बंद केली, टोक फडक्यात गुंडाळलं, वजन ठेवलं. ५००.०. होज लावली. ४९६. पुन्हा सोडवली. ५००.०. नंतर भंगाराच्या डब्यातून जुन्या होजचा तुकडा काढून आणला आणि दोन्ही माझ्या हातात दिल्या. व्यास तोच, रंग तोच. जुनी बोटाने दाबली की वाकायची. नवीला आत तारांची जाळी होती. स्टोअरने मापावरून दिली होती आणि माप बरोबरच होतं.

ताठ होज टांगलेल्या भांड्याला स्प्रिंगसारखी धरून ठेवते. वजन घटलं की भांडं किंचित वर यायला हवं, होज ते पूर्ण येऊ देत नाही. घटलेल्या वजनाचा एक भाग ती स्वतः पेलते आणि तराजूला कमी सांगते. होज बदलल्यावर वजन ठेवून पुन्हा कॅलिब्रेशन केलं असतं तर तराजूने तो वाटा धरला असता. पण कॅलिब्रेशन जुन्या होजसकट झालं होतं आणि स्टिकर तर तराजूचं होतं, होजचं नाही. तुमच्याकडे असा तराजू असेल तर होज, केबल, क्लॅम्प, अगदी एक केबल टाय जरी हलवला तरी वजन ठेवून बघा. दोन मिनिटं लागतात.

मी हे सांगत होते तेव्हा डेव्हलपमेंटचे इंजिनिअर ऐकत नव्हते. ते हिशेब करत होते. पंधरा दिवस. दोनशे पाच ग्रॅमला ०.८ टक्के म्हणजे एक पूर्णांक सहा दशांश ग्रॅम. त्यांची सगळी सुधारणा त्या होजमध्ये बसत होती आणि वर थोडी जागा उरत होती. ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाहेरचा माणूस मोजायला बोलावला की असं होतं," आणि हसले. हसू फार काळ टिकलं नाही. त्यांनी पंधरा दिवसांच्या नोंदींचे प्रिंट मागवले आणि घेऊन निघून गेले.

काका हिरमुसले होते. मी म्हटलं, काका, तुम्ही नसतात तर सापडायला आठवडा गेला असता. ते म्हणाले, "मी नसतो तर लागलीच नसती ना पोरी." सकाळपर्यंत मी मॅडम होते.

चौथा दिवस

पाऊस उघडला होता. मऊ होज मागवून लावली, वजन ठेवून तराजू कॅलिब्रेट केला, आणि सातही बिंदू पाच-पाच वेळा घेतले. आमचा मापक वरच्या बिंदूंवर ०.१० ते ०.१५ टक्के जास्त, आयडलला ०.३. सगळं निकषाच्या आत. सरांनी मान डोलावली. तेवढ्यात मोजमाप विभागाच्या मॅडम आल्या. होजची बातमी सगळीकडे पोहोचली होती. त्यांनी आकड्यांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "निकषात बसतंय, पण सगळे फरक एकाच बाजूला कसे? आपटून पडलेलं यंत्र आहे म्हणे."

मला त्या क्षणी त्या फार आवडल्या.

उत्तरही त्यांनीच दिलं, कागदाच्या कोपऱ्यावर. हवेत टांगलेल्या कुठल्याही वस्तूला हवा थोडं उचलून धरते. हवेची घनता घनमीटरला १.२ किलो, डिझेलची सुमारे ८३०. म्हणजे डिझेलचं वजन ०.१४ टक्के कमी भरतं. पोलादी वजनाची घनता ८०००, तिथे हाच परिणाम जेमतेम ०.०१५. पोलादी वजनाने कॅलिब्रेट केलेल्या तराजूवर डिझेल मोजलं तर ते ०.१३ टक्के कमी दिसणार. आमच्या नळीला हवेच्या या उचलण्याशी काही देणंघेणं नाही. वरच्या बिंदूंवरचा सगळा फरक तेवढाच होता. आयडलच्या ०.३ मध्ये उरलेला वाटा आमच्या शून्याच्या स्थिरतेचा, ताशी दोन ग्रॅमच्या आसपास, आणि तो आमच्या माहितीपत्रकात छापलेला आहे.

सरांनी सही करण्याआधी पेन थांबवलं. 'वाद झाल्यास तराजू प्रमाण' यातल्या 'तराजू'च्या आधी बाण काढून वर लिहिलं: 'वजन ठेवून तपासलेला'. मग दोघांनी त्यावर आद्याक्षरं केली. ऑर्डर मिळाली का, हे सगळेच विचारतात. खरेदी विभाग हा वेगळा मुलूख आहे, तिथला प्रवास अजून सुरू आहे.

परतीच्या बांधाबांधीला वाटतो त्याहून जास्त वेळ ठेवा. मापकात डिझेल राहिलं तर तो धोकादायक मालात मोडतो आणि विमानाने साध्या मालासारखा पाठवता येत नाही. नळी रिकामी करून धुवायची, कोरड्या हवेने वाळवायची, तसं पत्र पेटीला लावायचं. सीमेपलीकडे जात असाल तर एटीए कार्नेटवर (तात्पुरता नेलेला माल सीमाशुल्क न भरता परत आणण्याचा कागद) आणलेली प्रत्येक वस्तू त्याच अनुक्रमांकाने परत जायला हवी, एखादं अॅडॉप्टर मागे राहिलं तरी प्रश्न येतात. आमचं नुसतं गेटचं रजिस्टर होतं, तरी तिथे अर्धा तास गेला.

चौदा नोंदी, चौदा वस्तू, सगळं बरोबर. फक्त माझ्या बॅगेत त्या ताठ होजचा वीतभर तुकडा सापडला. काकांनीच कापून दिला होता, प्रशिक्षणात दाखवायला. गेटवाल्याने रजिस्टर वरपासून खालपर्यंत दोनदा वाचलं.

"हे आत आणल्याची नोंद नाही, मॅडम."

मी सांगून बघितलं. तो ऐकून घेत होता, पण तुकडा सोडत नव्हता. शेवटी सेलमध्ये फोन गेला आणि काका स्वतः गेटपर्यंत चालत आले. तुकडा हातात घेतला, एकदा वाकवून बघितला आणि म्हणाले, "राहू दे. तराजूशेजारी खिळ्याला टांगतो."